‘ठोकली तरी चालेल’ अशी गाडी कुठे मिळते?

बारावीचा निकाल लागतो, पोर अठरा वर्षांचं होतं, लर्निंग लायसन्स हातात पडतं आणि घरात सेकंडहँड गाडीचा विषय निघतो. मग सल्ल्यांना तोटा नसतो. काका, शेजारी, ऑफिसातले सहकारी, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, सगळ्यांचा सूर एकच: ‘‘शिकाऊ पोराला चांगली गाडी कशाला? एखादं जुनं डबडं घेऊन टाका. लाख-सव्वा लाखात येतं. ठोकली तरी चालेल.’’ त्यावर कुणीतरी पुस्ती जोडतंच, ‘‘आणि जुन्या गाड्यांचा पत्रा काय जाड असायचा! हल्लीच्या गाड्यांना अंगठ्यानं दाबलं तरी पोचा पडतो.’’

हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला ते व्यवहारज्ञान वाटतं. प्रत्यक्षात त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. गाडीला पोचा पडणं ही एक गोष्ट आणि आत बसलेल्याची बरगडी मोडणं ही दुसरी. पहिलीचा खर्च डेंटिंग-पेंटिंगवाला दहा मिनिटांत सांगतो. दुसरीचा हिशेब सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीच करत नाही. घरात ज्याच्या हातून चूक होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, त्यालाच सगळ्यांत कमी सुरक्षित गाडी द्यायची, एवढाच या शहाणपणाचा अर्थ निघतो.

आधी पत्र्याचं बघू. धडकेत गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगानं पुढे जात राहतो. त्याला किती अंतरात आणि किती वेळात थांबवलं, यावर त्याच्या छातीला आणि डोक्याला बसणारा मार ठरतो. म्हणून आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडण्यासाठी बनवलेला असतो आणि माणसं बसतात तो मधला सांगाडा मुद्दाम ताठ ठेवलेला असतो. नव्या टीव्हीच्या खोक्यात थर्माकोल मोडतो आणि टीव्ही वाचतो, तसंच हे. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी ही कल्पना मांडली आणि १९५९मध्ये ती त्या कंपनीच्या गाडीत आली. त्याआधीच्या गाड्यांत, आणि नंतरही कित्येक दशकं स्वस्त गाड्यांत, हा विचार नव्हता. अशी गाडी धडकेत चुरडत नाही असं नाही. तीही चुरडते, पण नको तिथे, म्हणजे चालकाच्या पायांपाशी आणि छातीपाशी.

यावर विश्वास नसेल त्यांच्यासाठी एक पुरावा आहे. अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेनं २००९मध्ये आपल्या पन्नाशीनिमित्त दोन शेवरोले गाड्या एकमेकींवर आदळवल्या. एक १९५९ची ‘बेल एअर’, लांबरुंद आणि भरभक्कम पत्र्याची. दुसरी २००९ची ‘मालिबू’. दोन्हींचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास, धडक चालकाच्या बाजूनं समोरासमोर. चित्रफीत सगळीकडे पाहायला मिळते. जुन्या गाडीची केबिन अक्षरशः मिटली, दार उघडलं, पुढची काच निखळली आणि स्टिअरिंग चालकाच्या पुतळ्यावर येऊन आदळलं. नव्या गाडीची केबिन जवळपास जशीच्या तशी राहिली. तिच्या चालकाला पायाच्या किरकोळ दुखापतीची शक्यता नोंदवली गेली. पत्रा कुणाचा जाड होता, हे वेगळं सांगायला नको.

‘ते अमेरिकेत झालं हो’ असं म्हणायचीही सोय नाही. जानेवारी २०१४मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’नं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांची चाचणी जाहीर केली. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या प्राथमिक मॉडेलच्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पण त्या अहवालातला खरा मुद्दा शून्याच्या पुढचा होता. अल्टो, नॅनो आणि आय-टेन यांचा सांगाडाच कोलमडला, त्यामुळे नुसती एअरबॅग बसवून फारसं साधलं नसतं. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला, तिथे एअरबॅग कामाची ठरली असती. फोक्सवॅगननं लगोलग एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणं थांबवलं. दोन एअरबॅगवाली तीच पोलो पुन्हा आदळली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. सेकंडहँड बाजारात त्या शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि गिऱ्हाईक रंगावरून निवड करतं.

इथे ‘आम्ही नाही का मारुती ८००वर शिकलो? काय झालं आम्हाला?’ हा प्रश्न हमखास येतो. ज्यांना काही झालं, ते हा प्रश्न विचारायला बैठकीत हजर नसतात, हे एक. दुसरं म्हणजे रस्ते तेव्हाचे राहिलेले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण खुला झाला. आज लायसन्स मिळाल्यावर आठवडाभरात मुलं मित्रांना घेऊन लोणावळ्याला निघतात. वेग ४०वरून ६०वर गेला की धडकेतली ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. ‘शहरात कुठे एवढा वेग असतो’ म्हणणाऱ्यांनी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता आठवावा. नऱ्हे-आंबेगावच्या कॉलेजांत जाणारी मुलं रोज तो उतार वापरतात. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एक अवजड वाहन तिथे एकामागून एक गाड्यांना धडकत गेलं. चूक आपल्याच पोराची असावी लागते असं नाही.

मग घ्यायची कुठली? सेकंडहँड गाडी घेताना लोक कंपनी, ॲव्हरेज आणि किलोमीटर विचारतात. त्याआधी गाडी कोणत्या महिन्यात बनली, हे विचारायला हवं. कारण गेल्या काही वर्षांत कायद्यानं सुरक्षेच्या गोष्टी टप्प्याटप्प्यानं सक्तीच्या केल्या. एप्रिल २०१९पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीला चालकाची एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना, मागे घेताना सेन्सर आणि वेगाचा इशारा. ऑक्टोबर २०१९पासून आधीच बाजारात असलेल्या मॉडेलनाही समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी बंधनकारक झाली. शेजारी बसणाऱ्याची एअरबॅग जुन्या मॉडेलना २०२१च्या अखेरीस सक्तीची झाली. म्हणजे डिसेंबर २०१८ची आणि डिसेंबर २०१९ची एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोघींच्या किमतीत जो फरक असेल, तो नव्या पोराच्या गाडीसाठी द्यायलाच हवा. चार लाखांच्या आसपास बजेट असेल, तर २०१९ नंतरची छोटी हॅचबॅक शोधून मिळते. फक्त ‘टॉप मॉडेल’, ‘अलॉय व्हील’, ‘मोठी टचस्क्रीन’ हे शब्द थोडे बाजूला ठेवावे लागतात.

वेगाचा इशारा म्हणजे ८० ओलांडल्यावर मधूनमधून आणि १२०च्या वर न थांबता वाजणारी ती पिपाणी. बापाला तिचा वैताग येतो, हे खरं. पण मागच्या सीटवर तीन मित्र असताना एकोणीस वर्षांच्या चालकाला तीच एकटी टोकत असते.

एबीएस म्हणजे ‘ब्रेक जास्त लागतो’ हाही एक गोड गैरसमज. नवशिका घाबरला की सगळा जोर ब्रेकवर देतो. पावसाळी रस्त्यावर चाकं जाम झाली की गाडी सरळ घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. एबीएस चाकांना जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. त्याचा मुख्य फायदा हा.

तारे बघताना मात्र तारीखही बघावी. टाटा टियागोला जानेवारी २०२०मध्ये चार तारे मिळाले, अल्ट्रोजला पाच. त्या वेळी मोठ्या माणसांसाठीचे तारे मुख्यतः समोरच्या धडकेवर ठरत. २०२२च्या मध्यापासून निकष कडक झाले, त्यात बाजूची धडकही आली. २०१९मध्ये दोन तारे मिळवलेल्या वॅगन-आरला २०२३मध्ये एकच मिळाला, तो याच कारणानं. भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली. त्यामुळे कमी बजेटमधल्या बहुतेक गाड्यांची माहिती ‘ग्लोबल एनकॅप’कडेच सापडेल.

कागदावर एअरबॅग आहे म्हणजे स्टिअरिंगच्या आत आहेच, असंही नाही. एकदा फुटलेली एअरबॅग बदलायला बराच खर्च येतो. तो वाचवायला काही ठिकाणी नुसतं झाकण बसवून गाडी विकली जाते. तपासायला मेकॅनिक लागत नाही. किल्ली ‘ऑन’ करायची, इंजिन सुरू करायचं नाही. मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो, काही सेकंद थांबतो आणि विझतो. हे नीट चाललेल्याचं लक्षण. विझलाच नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर प्रकरण जास्त गंभीर, कारण कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. इंजिन ऑईलच्या दिव्याबरोबरच तो लागत-विझत असेल, तर वायर तिकडे जोडल्याचा संशय घ्यावा. मग बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन बघायचे. कारखान्यात केलेल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे समान अंतरावर, एका रांगेत दिसतात. तिथे ओबडधोबड वेल्डिंग, ताजा रंग किंवा पुट्टी दिसली की ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ हा शब्द विसरायचा. सरळ केलेला सांगाडा पुढच्या धडकेत ठरल्याप्रमाणे चुरडेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आता पालकांच्या भीतीत तथ्य आहे तेही मान्य करायला हवं. नवं पोर गाडी खांबाला घासणार, सोसायटीच्या गेटला आरसा मोडून घेणार, क्लच जाळणार. पण त्यावर इलाज डबडं घेणं नाही. ज्या मॉडेलचे सुटे भाग स्वस्त आणि कुठेही मिळतात ते घ्यावं, थर्ड पार्टीवर न भागवता पूर्ण विमा काढावा, आणि क्लच जाळायचा तो ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत जाळू द्यावा. तिथे शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक-क्लच असतात. आठ-दहा वर्षं जास्त जुन्या गाडीत वाचलेले पैसे रेडिएटर, सस्पेन्शन, बॅटरी यांत हप्त्याहप्त्यानं जातात, हे गॅरेजवाल्याला ठाऊक असतं. सल्ला देताना तो ते सांगेलच असं नाही.

आणि एअरबॅगवर विसंबून पट्टा न लावणाऱ्यांसाठी: रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ जण अपघातांत मरण पावले. त्यांतले जवळपास निम्मे प्रवासी होते, चालक नव्हेत. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी बनलेली असते. मागच्या सीटवर बसणाऱ्यालाही पट्टा कायद्यानं बंधनकारक आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकता येतील.

‘कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी.’ डिजिटल मीटर मागे फिरवणं काही मिनिटांचं काम आहे. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, स्टिअरिंगवर चमक आली असेल, तर आकडा खोटा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी मिळवाव्यात. टायरवरचे शेवटचे चार अंकही बोलके असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

‘धुऊन-पुसून चकाचक आहे, म्हणजे पुरात नव्हती.’ २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१मध्ये चिपळूणला अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, आत गाळाची रेघ राहिलेली असते. स्टेपनीखालचा खळगा आणि सीटखालच्या रुळांवरचा गंजही खोटं बोलत नाही.

‘दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्त मिळते, घेऊन टाका.’ राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये मनाई केली, म्हणून त्या तिकडे स्वस्त झाल्या. इथे आणल्यावर एनओसी, नवं पासिंग आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स असा सगळा खर्च मोजून बघावा. शिवाय घर ते कॉलेज एवढंच धावणाऱ्याला डिझेलचा फायदाच होत नाही. बीएस-६ डिझेल गाडीचा धूर गाळणारा फिल्टर अशा छोट्या फेऱ्यांत तुंबतो.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात.’ महाराष्ट्रात तसा सरसकट नियम नाही. तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. फक्त एप्रिल २०२२पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आहे, आणि हरित कर वेगळा. पहिली गाडी म्हणून ती का नको, ते वर आलंच आहे.

‘बाहेरून सीएनजी किट बसवलंय, काही होत नाही.’ आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी लागते, तिचं प्रमाणपत्र मागून घ्यावं.

‘पुढे लोखंडी गार्ड लावला की झालं.’ केंद्रानं डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. गार्ड धडकेचा जोर थेट सांगाड्याला देतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज बिघडवतो.

‘जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी.’ डिसेंबर २०२४च्या बैठकीनंतर ही अफवा जोरात होती. कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला लागतो, तोही त्याच्या नफ्यावर. एका घरानं दुसऱ्या घराला गाडी विकली तर जीएसटी नाही.

‘सतरावं संपत आलंय, सोसायटीपुरती चालवू दे.’ सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा, मोटारीचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४मधल्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर हे कलम बातम्यांत खूप गाजलं. तरीही सोसायट्यांच्या आवारात संध्याकाळी काय चालतं, ते सगळ्यांना दिसतं.

‘फॉर्मवर सह्या झाल्या, गाडी आपली झाली.’ फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद एजंटकडे पडून राहिले, तर आरटीओच्या लेखी मालक जुनाच. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या प्रकरणात अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच टाकली. विक्रेता म्हणून आपण अडकतो ते असं. खरेदीदार वेगळ्या ठिकाणी अडकतो. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं असेल तर चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. म्हणून व्यवहाराआधी ‘परिवहन’च्या पोर्टलवर नोंदणीचा तपशील आणि कर्जाचा बोजा बघावा, बोजा असेल तर बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मागावा, थकलेली ई-चलानं विक्रेत्याकडून भरून घ्यावीत, आणि ठरलेल्या किमतीतली थोडी रक्कम आरसीवर नवं नाव दिसेपर्यंत हातात ठेवावी. प्रामाणिक विक्रेता याला सहसा हरकत घेत नाही.